पॉल रोब्सन यांस, एका खर्जातल्या माणसाकडून

आदरणीय पॉल रोब्सन यांस,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुम्ही अमेरिकेतले कृष्णवर्णीय गायक-नट. १९७६च्या जानेवारीत फिलाडेल्फियात तुम्ही जग सोडलंत, तेव्हा मी दुसरीत होतो. म्हणजे आभार मानायला उशीर झालाय, पण हे पत्र राहून गेलं तर मलाच चैन पडणार नाही.

मी पिंपरीच्या एका कारखान्यात मशीन शॉपला होतो. सेकंड शिफ्ट असली की सकाळी तालीम आणि फर्स्ट शिफ्ट असली की संध्याकाळी. कामगारांच्या नाट्यस्पर्धेत पंचवीस वर्षं उभा राहिलो. त्यातली पहिली बरीच वर्षं हवालदार, दरवान, गुंड नंबर दोन. कारण सांगायची गरज नव्हती, रंग समोर दिसत होता. एकदा आमच्या मंडळाने देवलांचं 'झुंझारराव' काटछाट करून बसवायला घेतलं. शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो' देवलांनी १८९०मध्ये मराठीत आणलं, ते हे नाटक. मला भाषणंच्या भाषणं पाठ होती. भूमिका मिळाली ती अकाउंट्समधल्या एका गोऱ्यापान पोराला. आणि दिग्दर्शकाला सुचलं की मूळ नाटकातला नायक काळा, तर आपलाही काळाच दाखवू. मला म्हणाला, "तुझा चेहरा लाइट खातो रे. आणि आवाज जमिनीत जातो."

प्रयोगाच्या दिवशी रंगभूषाकार आला नाही. त्या पोराच्या तोंडाला पॅनकेक फासायचं काम माझ्याकडे आलं. शेड बरोबर जमलीय का ते बघायला मी थोडा रंग माझ्या मनगटावर लावला. तो दिसेचना. हात आधीच त्या रंगाचा होता.

त्यानंतर तीन वर्षं मी तालमीच्या हॉलकडे फिरकलो नाही.

मग आमच्या शॉपमधल्या एका बुजुर्गांनी कॅसेट दिली. ते युनियनमधले जुने, मितभाषी. म्हणाले, "भूपेन हजारिकांचं 'गंगा बहती हो क्यूँ' ऐकलंयस ना? त्या गंगेचा उगम ऐक." कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना हजारिकांना तुम्ही भेटलात आणि मिसिसिपीचं पाणी ब्रह्मपुत्रेत आलं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. रात्री बाराला घरी आलो, सगळे झोपलेले, टेपचा आवाज अगदी बारीक ठेवला. आणि 'ओल' मॅन रिव्हर', ते मिसिसिपीवरचं तुमचं गाणं, सुरू झालं. मला वाटलं, स्टीलच्या पिंपात कुणीतरी हळू बोलतंय. आवाज चढवलेला नाही, ताणलेला नाही. खर्जात बसलेला, आणि तरी भिंतीवरचं घड्याळसुद्धा ऐकत असावं असा.

माझा आवाज जमिनीत जातो, हे खरंच होतं. तुमचाही जात होता. जमिनीतूनच यायचा.

पुढची वर्षं मी तुमच्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो, इंग्रजी शब्दकोश मांडीवर ठेवून. वडील गुलामगिरीतून पळालेले आणि पुढे धर्मोपदेशक झालेले. रटगर्स विद्यापीठाच्या फुटबॉल संघात गेलात तर सरावातच स्वतःच्या संघातल्यांनी नाक फोडलं. तरी देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंत निवडले गेलात. कोलंबियातून वकील झालात आणि ऑफिसातल्या लघुलेखिकेने काळ्या माणसाचं डिक्टेशन घ्यायला नकार दिला म्हणून वकिली सोडलीत. (कायद्याचं नुकसान झालं असेल, आमचं नाही.) १९३०मध्ये लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात ऑथेल्लो केलात. त्याच्या वर्षभर आधी शेजारच्याच सॅव्हॉय हॉटेलच्या भोजनगृहाने तुम्हाला बसायला टेबल दिलं नव्हतं.

त्या ऑथेल्लोची एक गोष्ट मला फार आवडते. तुमच्या शंभरेक वर्षं आधी आयरा आल्ड्रिज नावाच्या कृष्णवर्णीय अमेरिकन नटाने युरोप गाजवला होता. त्यांची मुलगी अमांडा लंडनमध्ये आवाजाचे धडे द्यायची. तुम्ही तिच्याकडे शिकायला गेलात आणि तिने वडील ऑथेल्लो करताना कानात घालायचे त्या बाळ्या तुम्हाला दिल्या. आमच्याकडे गुरूचे घुंगरू शिष्येकडे येतात, तसंच की हे!

मग १९ ऑक्टोबर १९४३. न्यूयॉर्कचं शूबर्ट थिएटर. तोवर ब्रॉडवेवर ऑथेल्लो म्हणजे तोंडाला रंग फासलेला गोरा नट. गोऱ्या सहकलाकारांबरोबर उभा राहिलेला पहिला काळा ऑथेल्लो तुम्ही. २९६ प्रयोग झाले. शेक्सपिअरच्या कुठल्याही नाटकाचे ब्रॉडवेवर तेवढे झाले नव्हते. पुढे दौऱ्यावर निघालात तेव्हा जिथे काळ्या प्रेक्षकांना वेगळं बसवतात तिथे प्रयोग करणार नाही, हेही बजावलंत. हे वाचलं त्या रात्री मी मनगट दिव्याखाली धरून बराच वेळ बघत बसलो होतो. तुमचं दुःख आणि माझं एका मापाचं नाही, एवढी अक्कल मला आहे. मला कुणी मारलं नाही, फक्त विंगेत उभं केलं.

'ओल' मॅन रिव्हर'चे शब्द तुम्ही बदललेत, तेही सांगायला हवं. मूळ गाण्यातला हमाल थकलेला आहे, धडपडून वैतागलेला आहे. तुम्ही पुढे पुढे ती ओळच फिरवलीत. रडण्याऐवजी हसत राहीन, मरेपर्यंत लढत राहीन. सूर तोच, नदी तीच, गाणारा माणूस मात्र उठून उभा राहिला. नाटकवाल्याला यातली गंमत कळते. एक वाक्य फिरवलं की अख्खं पात्र फिरतं.

त्याची किंमत वसूल झालीच. १९५०मध्ये पासपोर्ट काढून घेतला. थिएटरं बंद, रेकॉर्ड कंपन्या बंद. कॅनडात जायला अमेरिकनांना तेव्हा पासपोर्टही लागत नसे, तरी तुम्हाला सरहद्द ओलांडू दिली नाही. मग १८ मे १९५२ला सरहद्दीवरच्या पीस आर्चपाशी ट्रकच्या फळीवर उभे राहून गायलात आणि दोन्ही देशांतली हजारो माणसं ऐकायला आली. १९५७च्या ऑक्टोबरात वेल्सच्या खाणकामगारांनी पोर्थकॉलच्या मेळाव्यात बोलावलं, तर न्यूयॉर्कमध्ये बसून अटलांटिकखालच्या टेलिफोन केबलमधून गायलात. त्यांनीही पलीकडून तुमच्यासाठी गाणं म्हटलं. अमेरिकी संसदेच्या समितीपुढे, रशियातच का नाही राहिलात असं खवचटपणे विचारलं तेव्हा उत्तर दिलंत: माझे वडील गुलाम होते, हा देश उभारताना माझी माणसं मेली, म्हणून मी इथेच राहणार आणि तुमच्याइतकाच यातला वाटा घेणार.

१९५८मध्ये तुम्हाला साठ पूर्ण झाली तेव्हा तो वाढदिवस साजरा करायला आपल्याकडे समिती झाली. अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छगला, आणि पंडित नेहरूंनी संदेश दिला होता. अमेरिकन सरकारला हे झोंबलं. गंमत म्हणजे त्याच वर्षी छगला आपले राजदूत म्हणून अमेरिकेला गेले.

एक गोष्ट मात्र पटलेली नाही, आणि आभाराच्या पत्रात ती लपवणं बरं दिसणार नाही. तुम्ही ज्या सोव्हिएत रशियाची बाजू घेत होतात, तिथे स्टालिनच्या राज्यात माणसं नाहीशी होत होती. १९४९मध्ये मॉस्कोत तुम्हाला त्याची चुणूक लागली होती. तिथल्या मंचावरून तुम्ही छळ झालेल्या ज्यू मित्रांची नावं घेतलीत, यिडिश गाणं म्हटलंत. आणि घरी परतल्यावर गप्प राहिलात. शत्रूच्या हाती कोलीत द्यायचं नाही, हा हिशेब मला कळतो. युनियनमध्ये मीही तो केलाय. तरी टोचतं.

मी परत नाटकात आलो. लगेच राजाची भूमिका मिळाली असं काही नाही, पुन्हा हवालदारच. पण हवालदाराची चार वाक्यं माझ्या पट्टीत म्हटली, कुणी 'वर घे' म्हणालं तरी घेतली नाही. पुढे बाप केले, सावकार केले, एक म्हातारा वारकरी केला, ज्याला बक्षीस मिळालं. झुंझारराव राहिलाच. आता वय गेलं.

आता दर ९ एप्रिलला, तुमच्या वाढदिवशी, तालमीला येणाऱ्या पोरांना मोबाइलवर एक तुकडा दाखवतो. नोव्हेंबर १९६०, सिडनी. ऑपेरा हाउसचं अजून नुसतं बांधकाम चाललंय, उद्घाटनाला तेरा वर्षं आहेत. जेवणाच्या सुटीत मजूर परांच्यांवर, सळयांवर बसलेत आणि त्यांच्यासमोर तुम्ही उभे, कानामागे हात धरून गाताय. गेल्या वर्षी एक नवा पोरगा, शाहिरांच्या घरातला, मान पुढे काढून बघत होता. त्या हाताकडे बोट दाखवून म्हणाला, "काका, हे शाहीर कुठले?"

म्हटलं, "न्यू जर्सीचे."

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक कामगार रंगकर्मी, पिंपरी