खाड्यांचं कोण बघणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत मोबाइलवर रोज मूड नोंदवून डिप्रेशन कसं सांभाळता येतं यावर लेख होता. लेख चांगला आहे, पण वाचताना सारखं वाटत होतं की लिहिणाऱ्याने ॲप पाहिलंय, वापरलं नाहीये, निदान वाईट महिन्यात तरी नाही. मी वापरलंय म्हणून लिहितेय. लांबेल थोडं, हवं तर कापा, फक्त खाड्यांचं, म्हणजे नोंद न झालेल्या कोऱ्या दिवसांचं, कापू नका. आणि नाव छापू नका प्लीज.

मी वर्तकनगरला राहते, रबाळ्याला एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्स बघते, वय ४६. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात हे सुरू झालं. घडलं असं काहीच नव्हतं हो. लोकांना कारण लागतं, नोकरी गेली का, घरात भांडणं आहेत का, मुलगा ऐकत नाही का, तसलं काही नाही. पहाटे चारला टक्क जाग यायची, केस विंचरायचाही कंटाळा, टॅलीत एकच एन्ट्री दोनदा मारायला लागले. एकदा ठाणे स्टेशनला ट्रान्स हार्बरच्या प्लॅटफॉर्मवर बाकावर बसले होते, समोरून वाशी गेली, पनवेल गेली, नेरूळ गेली, तिन्ही मला चालतात, तरी उठताच येईना. डबा मांडीवर. शेवटी घरी परत आले आणि नवऱ्याला सांगितलं ट्रेन बंद आहेत.

घरात 'नैराश्य' हा शब्द कोणी वापरत नाही, तो तुमच्या पेपरातला. आमच्याकडे टेन्शन म्हणतात, मन लागत नाही म्हणतात, सासूबाई म्हणतात कशातच राम नाही. आणि त्यात मी ठाण्याची. अख्ख्या महाराष्ट्रात कोणी जरा वेडंवाकडं बोललं की "याला ठाण्याला पाठवा" म्हणतात, ते इथलं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं आहे, शाळेत असताना आम्हीही तोच जोक मारायचो. त्यामुळे डॉक्टरकडे जायला मला चार महिने लागले.

डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा थायरॉइड आणि बी-१२ करून आणायला सांगितलं, कारण त्यातही असंच गळून गेल्यासारखं होतं. मग एक कागद दिला, पीएचक्यू-९ म्हणतात त्याला, नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत हे किती वेळा झालं, अजिबात नाही ते जवळजवळ रोज, प्रत्येकाला ० ते ३ मार्क, एकूण २७. १० किंवा वर आले तर नीट बघायला लागतं. मला १७ आले. टक्केवारी काढली तर ६३, म्हणजे फर्स्ट क्लास. हे मी त्यांना बोलून दाखवलं आणि खूप दिवसांनी हसले.

गोळ्या सुरू झाल्या, आणि त्या म्हणाल्या रोजचं थोडं लिहून ठेवा. ऑफिसमधल्या एका मुलाने ॲप टाकून दिलं. पाच चेहरे, रडका ते हसरा, एक दाबायचा, खाली झोप, जेवण, चालणं असली चित्रं. नाव सांगत नाही, तसली पुष्कळ आहेत. अकाउंट्सवालीला हे आवडणारच, रोजकीर्दच की ती. पहिले तीन आठवडे मी अगदी खूश होते.

आणि फायदा झाला, तो आधी सांगते, नाहीतर वाटेल ही बाई नुसती तक्रार करतेय. डिप्रेशनमध्ये माणूस खोटं बोलत नसतो पण त्याला आठवतंच तेवढं जेवढं वाईट असतं. मला कोणी विचारलं महिना कसा गेला तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं सगळा वाईट. नोंदी बघितल्या तर गुरुवार संध्याकाळ दर वेळी एक चेहरा वर! गुरुवारी काय, तर मैत्रिणीबरोबर तलावपाळीला एक चक्कर आणि भेळ, तीही ती ओढून न्यायची म्हणून, मी प्रत्येक वेळी नको नको म्हणतच गेले होते. डॉक्टरबाई म्हणाल्या यावर एक पूर्ण उपचारपद्धत आहे, १९७० च्या दशकापासूनची, मूड आला की करू म्हणून थांबायचं नाही, आधी करायचं, मूड मागून येतो. मला कोणी तोंडी सांगितलं असतं तर पटलं नसतं, स्वतःच्या हाताने भरलेल्या चेहऱ्यांमुळे पटलं. मग आम्ही मंगळवारची पण चक्कर लावली.

आता खाडे. मध्यमवर्गीय घरात वाढलेल्या माणसाला खाडा सांगायला नको. स्वयंपाकघरात कालनिर्णय, त्यावर दुधाचा हिशोब, ज्या दिवशी भय्या आला नाही त्या तारखेला खाडा, महिनाअखेर आई तेवढे पैसे कापायची. खाडा मांडला नाही तर हिशोबच चुकला. ॲपला हे कळत नाही. ॲपला खाडा म्हणजे तुमची चूक. माझी ४१ दिवस सलग नोंद होती, वर ज्वाळेचं चित्र, ते स्ट्रीक म्हणतात ते. बेचाळिसाव्या दिवशी मी अंथरुणात, भिंतीकडे तोंड करून, आणि रात्री साडेनऊला मोबाइल वाजला, अरेरे तुमची स्ट्रीक तुटतेय, खाली रडका ससा. सांगते तुम्हाला, त्या सशाचा जेवढा राग आला तेवढा मला वर्षात कोणाचा आला नव्हता.

आणि मग मी काय केलं? मागच्या तारखेच्या एन्ट्र्या टाकल्या. वीस-बावीस वर्षं दुसऱ्यांना ओरडतेय बॅकडेटेड व्हाउचर आणू नका म्हणून, आणि रविवारी रात्री बसून तीन दिवसांचे चेहरे अंदाजपंचे भरले, तेही सगळे मधले, ना रडके ना हसरे, कोणाला संशय येऊ नये असे. कोणाला म्हणजे कोणाला, ॲपला! दहा हजार पावलांचं पण तसंच, मनगटावरचं घड्याळ बोंब मारतं म्हणून मी घरात शतपावली घालायचे, नंतर कळलं तो आकडा कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही, १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं त्याचं नावच 'दहा हजार पावलं मोजणारं' असं होतं, तिथून चिकटला. ज्या दिवशी बाथरूमपर्यंत जाणं हाच पराक्रम असतो त्या दिवशी ८०० पावलंसुद्धा पुष्कळ असतात.

पुढे तर सलग सहा दिवस कोरे गेले. पुढच्या व्हिजिटला मोबाइल दाखवताना मी आधीच सॉरी म्हणून मोकळी झाले. डॉक्टरबाईंनी माझे छान छान चेहरे सोडून दिले आणि बोट ठेवलं ते नेमकं त्या सहा कोऱ्या चौकोनांवर. "हे सांगा. इथे काय झालं?" मी म्हटलं काही नाही, विसरले. त्या गप्प. मग निघालं की त्याच्या आदल्या आठवड्यात बरं वाटतंय म्हणून गोळ्या मी मनानेच बंद केल्या होत्या, मग चक्कर, डोक्यात करंट गेल्यासारखं, चिडचिड, आणि मग ते सहा दिवस. या गोळ्यांचा फरक पडायलाच दोन ते चार आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने तरी चालू ठेवायच्या असतात, बंद करायच्या तर डॉक्टरच्या सांगण्याने हळूहळू कमी करत, हे सगळं मला आधी सांगितलेलं होतं, पण माझ्या डोक्यात टिकलं नव्हतं. बाकीच्या भरलेल्या चौकोनांनी जे सांगितलं नाही ते त्या सहांनी सांगितलं. त्यात खोट्या भरलेल्या तीन दिवसांचंही मग कबूल केलं.

म्हणून ॲप बनवणाऱ्यांना, आणि ऐरोली-महापे पट्ट्यात सॉफ्टवेअरवाले काही कमी नाहीत, माझं म्हणणं एवढंच की कोरा दिवस कोरा राहू द्या, त्याला खाडा म्हणून खूण करा आणि चार-पाच दिवस सलग खाडे पडले तर रडका ससा पाठवण्यापेक्षा घरातल्या एका माणसाला कळवू का म्हणून आधीच विचारून ठेवा. आणि मराठी घाला त्यात. माझ्या ॲपमध्ये मधल्या चेहऱ्याखाली 'मेह' लिहिलं होतं. मेह म्हणजे काय, शेळी? मला हवं होतं 'नको वाटतंय', 'जीव रमत नाही', 'अंगात त्राण नाही'. ही तिन्ही वेगवेगळी आहेत, ज्याला झालंय त्याला विचारा.

दुसरं, लेखात एका ओळीत गुंडाळलेलं, माहिती जाते कुठे. अमेरिकेत ऑनलाइन कौन्सेलिंगच्या एका मोठ्या कंपनीला, बेटरहेल्प नाव, २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर भरावे लागले, लोकांची माहिती फेसबुक वगैरेंना जाहिरातीसाठी दिली असा तिथल्या सरकारी आयोगाचा आरोप होता. फिनलंडमध्ये एका थेरपी सेंटरच्या पेशंटांच्या नोंदी चोरीला गेल्या आणि २०२० मध्ये हजारो पेशंटांना पैशासाठी धमक्यांचे ईमेल गेले. आपल्याकडे डेटाचा कायदा २०२३ ला झालाय, पण माझा रडका चेहरा कुठल्या सर्व्हरवर पडलाय हे मला अजून माहीत नाही.

आणि एक, त्या नऊ प्रश्नांतला शेवटचा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्य सोडून काहीही येत असेल तर ग्राफ बघत बसू नका, आजच माणसाशी बोला. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तुमच्या लेखाखाली हा नंबर चौकटीत हवा होता. पुढच्या वेळी टाका.

मी ॲप काढून टाकलं. आता कालनिर्णयवरच मांडते, स्वयंपाकघरात, पेन्सिलीने, झोपेचे तास, गोळीला टिंब, बाहेर पडले तर बरोबरची खूण, आणि काहीच जमलं नाही तर 'खा'. पहिल्या महिन्यात सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, "अगं दूध तर पिशवीचं येतं आपल्याकडे, खाडा कसला लिहितेस?" दोन दिवस टाळलं, मग सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण तेव्हापासून कधी माझी पेन्सिल चालली नाही तर त्या तारखेवर त्यांच्या थरथरत्या अक्षरात 'खा' लिहिलेलं असतं. मांडलेलं मात्र राहतं.

या महिन्यात आत्तापर्यंत दोन आहेत. एक ९ तारखेचा, आईकडे डोंबिवलीला राहिले होते म्हणून. दुसऱ्याचं शनिवारी डॉक्टरबाईंना सांगायचंय.

आपली,
एक वाचक, वर्तकनगर, ठाणे