गेज वुडची मॅच

सोन्या,

फोनवर म्हणालास की ओमाहातल्या कॉलेज वर्ल्ड सिरीजमधल्या, म्हणजे कॉलेज बेसबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेतल्या, गेज वुडच्या मॅचचे हायलाइट्स बघितले, पण हायलाइट्समध्ये फक्त स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर आउट होणारे बॅटर, दिसतात रे, स्टेडियममध्ये काय चाललं होतं ते त्यात काहीच येत नाही, म्हणून म्हटलं सगळं नीट लिहूनच पाठवते.

सोमवार, 16 जून 2025, दुपारी एकची मॅच. आर्कान्सा आणि मरे स्टेट. आर्कान्सा आधी एलएसयू या कॉलेजकडून हरलेली, मरे स्टेट यूसीएलए या कॉलेजकडून, आणि इथे दुसरी हार म्हणजे गाशा गुंडाळून घरी. बाबांना खरं तर संध्याकाळच्या मॅचला जायचं होतं पण मीच दुपारची तिकिटं काढायला लावली कारण मला मरे स्टेट बघायची होती. केंटकीतलं छोटंसं कॉलेज, ओमाहाला पहिल्यांदाच आलेलं, आणि तेही रीजनलमध्ये, म्हणजे आधीच्या फेरीतल्या चार टीमच्या गटात, चौथ्या सीडवरून, म्हणजे सगळ्यात खालच्या मानांकनावरून! 1999 पासूनचा हा जो फॉरमॅट आहे त्यात असं त्यांच्या आधी तिघांनाच जमलंय, फ्रेस्नो स्टेट, स्टोनी ब्रुक आणि ओरल रॉबर्ट्स. त्यातली फ्रेस्नो तर 2008 ला ट्रॉफीच घेऊन गेली. त्यामुळे मी मनातून मरेकडे होते आणि बाबा आर्कान्साकडे, ते का ते तुला माहितीये, त्यांचे व्हॅन हॉर्न कोच. आपल्या नेब्रास्काला पहिल्यांदा कॉलेज वर्ल्ड सिरीजला नेणारा माणूस आज कुठल्याही रंगाची टोपी घालो, बाबांसाठी तो आपलाच.

पार्किंगमध्येच दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन घेतली, शेजारी आर्कान्साची मंडळी ग्रिल पेटवून बसली होती, त्यांनी आग्रहाने लिंबू सरबत दिलं, मी दशम्या दिल्या, एका आजींनी दोन खाल्ल्या आणि कशाच्या केल्यात ते विचारून घेतलं. ऊन म्हणजे नुसतं भाजून काढत होतं.

मी नेहमीसारखी पेन्सिल आणि स्कोअरकार्ड घेऊन बसले. पहिल्या काही इनिंगमध्ये विशेष काही वाटलं नाही, आर्कान्साचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, गेज वुड, पोरगा जोरात टाकतोय एवढंच, फास्टबॉल पंचाण्णवच्या पुढे आणि त्यावर तो कर्व्ह जो बॅटरच्या गुडघ्यापाशी एकदम खाली पडतो. मग चौथी-पाचवी झाली आणि कार्डाकडे बघते तर मरेच्या बाजूला एकही रेघ फर्स्ट बेसकडे गेलेली नाही, म्हणजे एकही बॅटर बेसवर पोचलेला नाही, नुसते के, के, के, म्हणजे स्ट्राइकआउट, आणि मध्ये मध्ये उलटा के, म्हणजे बॅट न हलवता आउट. बेसचे चौकोन सगळे कोरे. मी बाबांना कार्ड दाखवलं आणि त्यांनी लगेच तोंडावर बोट ठेवलं. कारण तुला माहितीच आहे, अशा वेळी परफेक्ट गेमचं, म्हणजे एकाही बॅटरला बेसवर न जाऊ देता संपवलेल्या मॅचचं, नाव काढायचं नसतं, डगआउटमध्ये, म्हणजे टीम बसते तिथे, पिचरच्या शेजारी कोणी बसत नाही, त्याच्याशी कोणी बोलत नाही, आणि प्रेक्षकही तेच पाळतात. आपल्याकडे बाळाला छान म्हटलं की दृष्ट लागते म्हणतात ना, तसंच. एवढी हजारो माणसं, सगळ्यांना कळलेलं आणि सगळी गप्प! सहाव्या इनिंगनंतर तर आउटफिल्डच्या ब्लीचर्समधले बीचबॉलसुद्धा दिसेनासे झाले, नाहीतर एरवी ते उडवणं आणि सिक्युरिटीवाल्याने एखादा पकडला की त्याला हुर्यो करणं हा तिथला मुख्य कार्यक्रम असतो.

सात इनिंग, एकवीस बॅटर, एकवीस आउट. परफेक्ट. आणि आठव्या इनिंगमध्ये त्याचा एक बॉल आत वळला आणि बॅटरला लागला. एवढंच. ना हिट, म्हणजे बॅटने मारून मिळवलेला बेस, ना वॉक, म्हणजे चार खराब बॉलमुळे मिळालेला, पण माणूस फर्स्ट बेसवर गेला म्हणजे परफेक्ट गेम गेला. सगळ्या स्टेडियममधून असा एक 'ओह' आला की माझ्या पोटात खड्डा पडला. आणि खरं सांगू, तो मरेचा मुलगा बेसवर जाऊन उभा राहिला तेव्हा मला त्याचाही अभिमान वाटला, त्याच्या टीमचा त्या दिवसाचा तो एकमेव रनर रे, अंगावर बॉल घेऊन मिळवलेला. मी वुडकडे बघत होते. एवढ्या जवळून एवढी मोठी गोष्ट निसटल्यावर वीस-एकवीस वर्षांच्या पोराचं काय होईल, आणि त्यातून खांद्याच्या दुखापतीमुळे याच सीझनला कितीतरी आठवडे बाहेर बसलेला. त्याने कॅचरकडून बॉल घेतला, टोपी सारखी केली आणि पुढचा बॉल टाकला. तोच वेग, तोच कर्व्ह. मला वाटतं दिवसातली सगळ्यात अवघड गोष्ट त्याने तेव्हा केली आणि ती कुठल्याच स्कोअरबोर्डवर येणार नाही.

नवव्या इनिंगला कोणी बसलेलं नव्हतं. लाल टीशर्टवाले, आमच्यासारखे ओमाहाचे, एलएसयूचे संध्याकाळच्या मॅचसाठी लवकर आलेले, सगळे उभे. शेवटचा आउट पडला आणि कॅचर धावत सुटला, मग ढिगाऱ्यात वुड कुठे गेला ते दिसलंच नाही. आर्कान्सा 3-0. वुडचे 119 पिचेस, 19 स्ट्राइकआउट, कॉलेज वर्ल्ड सिरीजच्या नऊ इनिंगच्या मॅचमध्ये एवढे आजवर कोणाचेच नाहीत. आणि नो-हिटर, म्हणजे समोरच्यांना एकही हिट न देता संपवलेली मॅच, तर 1960 नंतर पहिला, त्याच्या आधीचा 1950 चा, म्हणजे ही स्पर्धा ओमाहाला आली त्याच वर्षीचा. 'वू पिग सूई' ही आर्कान्सावाल्यांची आरोळी तर इतक्या वेळा झाली की बाबाही शेवटी हात वर करून ओरडायला लागले.

पण मला आवडलं ते त्याच्यानंतरचं. मरेची मुलं डगआउटच्या कठड्यापाशी उभी होती, काहींच्या डोळ्यात पाणी, आणि आमच्या बाजूचे लोक जायचं सोडून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत राहिले. आर्कान्सावालेसुद्धा. ज्या टीमला दिवसभरात एक हिट मिळाली नाही तिच्यासाठी! ही मुलं मिसिसिपीतल्या ऑक्सफर्डचं रीजनल जिंकून, मग ड्यूक कॉलेजला त्यांच्याच मैदानावर हरवून इथे आलेली, एका दुपारी तो सगळा हिशोब पुसला जात नाही हे इथल्या माणसांना बरोब्बर कळतं. ओमाहाचं मला हेच आवडतं, इथे अर्ध्या लोकांची स्वतःची टीम मैदानात नसतेच, ते बेसबॉलसाठी येतात.

आर्कान्सा पुढे बुधवारी एलएसयूकडून 6-5 अशी हरली, आणि काल एलएसयूने कोस्टल कॅरोलायनाला हरवून आठवी ट्रॉफी घेतली. बाबा अजून चिडलेले आहेत, त्यांना फोनवर त्या बुधवारच्या मॅचचं विचारू नकोस.

पुढच्या जूनमधली सुट्टी आत्ताच टाकून ठेव आणि निदान दोन-तीन मॅचेसना तरी ये, तिकिटांचं बाबा बघतील. स्कोअरकार्डचा फोटो पाठवलाय, आठव्या इनिंगचा चौकोन झूम करून बघ, तिथे माझी पेन्सिल मोडलीये. चणा मसाला संपला असेल तर सांग, इंडियन स्टोअरला गेले की पार्सलमध्ये टाकते.

तुझी,
आई