पुरात बुडालेल्या गाडीला सेल्फ मारू नका हो

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

दरवर्षी जून उजाडला की तुमच्या पेपरात "पावसाळ्यात गाडीची काळजी" अशी एक चौकट येते, टायर बघा, वायपरचं रबर बदला, ब्रेक तपासा, सगळं बरोबर आहे, पण आमच्या चिपळूणसारख्या गावात जे सगळ्यात आधी सांगायला पाहिजे तेच नेमकं त्यात नसतं. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू करून बघायची नाही. एवढंच लिहून थांबलो असतो पण नुसतं "करू नका" म्हटलं की आपला माणूस ते हमखास करून बघतो, म्हणून का ते पण सांगतो. पंचवीसेक वर्षं गॅरेजात हात काळे केलेत, आता मुलगा बघतो, त्यामुळे लिहायला वेळ आहे.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं ते सगळ्यांना आठवत असेलच. आमच्या शेजारच्या गुरुजींची पेट्रोल गाडी दारातच उभी होती, पाणी बोनेटच्या वर गेलेलं. पाणी ओसरल्यावर गुरुजींनी आतला गाळ काढला, पाइप मारून गाडी लखलखीत धुतली आणि "बघू तर खरा सुरू होते काय" म्हणत सेल्फ मारला. टक् असा एक आवाज, आणि इंजिन जागच्या जागी अडकलं. मी तेव्हा गॅरेजातला चिखल उपसत होतो नाहीतर तिथनंच ओरडलो असतो. बॅटरी उतरली असेल असं सगळ्यांना वाटलं, मग वाडीतली चार पोरं जमली, गाडी उताराला लावली, सेकंड गिअर टाकला, धक्का दिला आणि वेग आल्यावर क्लच सोडला. कडाक्! एका पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकला. धक्का मारला नसता तर इंजिन वाचलं असतं याची मला पक्की खात्री आहे.

आता हे झालं कसं. इंजिनात प्रत्येक सिलेंडरमध्ये पिस्टन खालीवर होतो आणि रॉड ती खालीवर हालचाल क्रँकला गोल फिरवायला लावतो, आजीच्या शिलाई मशीनचा पायडल आणि मोठं चाक आठवा, तोच प्रकार. पिस्टनच्या चार फेऱ्या, आमच्या भाषेत खेच, दाब, भडका, फेक. पिस्टन खाली जाताना वरचा एक व्हॉल्व उघडतो आणि हवा-पेट्रोल आत खेचलं जातं, मग दोन्ही व्हॉल्व बंद आणि पिस्टन वर येऊन ते दाबतो, तेवढ्यात प्लगची ठिणगी पडते, भडका उडतो आणि पिस्टन जोरात खाली ढकलला जातो, शेवटी दुसरा व्हॉल्व उघडून धूर सायलेन्सरकडे. कमाईची फेरी चारातली एकच, बाकीच्या तीन फेऱ्या फ्लायव्हीलच्या, म्हणजे क्रँकला लावलेल्या जड चाकाच्या जोरावर आणि शेजारच्या सिलेंडरच्या जिवावर निघतात (आमच्या एकत्र कुटुंबात पण असंच होतं). जर्मनीत निकोलाउस ऑटोने १८७६ साली असं इंजिन चालवून दाखवलं, आजच्या गाड्यांचं मूळ गणित तेच. कशेडी घाट चढताना आरपीएमचा काटा ३००० वर असेल, म्हणजे क्रँक मिनिटाला ३००० वेळा फिरत असेल, तर एकेका सिलेंडरमध्ये सेकंदाला २५ भडके होतात, चार सिलेंडर मिळून १००.

आणि लोकांना वाटतं गाडी पेट्रोल खाते. खरं तर ती हवा खाते हो! एक लिटर पेट्रोल नीट जळायला साधारण नऊ हजार लिटर हवा लागते. ती हवा ओढायचं तोंड बहुतेक गाड्यांना पुढे जाळीच्या मागे किंवा हेडलाइटच्या आसपास असतं. तिथपर्यंत पाणी आलं की इंजिन हवेऐवजी पाणी पितं.

शिमग्याला पोरांच्या हातात पिचकारी असते ना, ती रिकामी घ्या, तोंडावर अंगठा घट्ट धरा आणि दांडा दाबा, थोडातरी आत जातो कारण हवा दबते. आता तीच पाण्याने भरून तसंच करा. दांडा हलत नाही. पाणी दबत नाही, विषय संपला. १२०० सीसीच्या चार सिलेंडरच्या गाडीत एका सिलेंडरला ३०० सीसी येतात, आणि दाब दहास एक धरला, म्हणजे दहा भाग हवा दाबून एका भागात बसवायची, तर पिस्टन अगदी वर आल्यावर डोक्यावर जागा उरते फक्त ३३ मिली. खोकल्याच्या औषधाची तीन झाकणं! त्याहून जास्त पाणी आत असेल तर पिस्टन वर येऊच शकत नाही, आणि मागून क्रँक तर ढकलतोय, मग वाकायचं कोणी, तर मधल्या रॉडने. डिझेलला प्लगची ठिणगी नसते, नुसती हवाच इतकी दाबतात की ती पाचशे डिग्रीच्या पुढे तापते आणि डिझेल फवारलं की पेटतं, त्यामुळे तिथे वरची जागा आणखीनच कमी. "डिझेल गाडी पाण्यातनं निघते" म्हणणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्यावं.

उभ्या बंद गाडीत पाणी कसं जाईल असं गुरुजींनीही मला विचारलं होतं. इंजिन बंद होताना कुठल्यातरी सिलेंडरचा खेचायचा व्हॉल्व उघडाच राहिलेला असू शकतो, गाडी बुडाली की पाणी एअर फिल्टरमधनं तिथे उतरतं. गुरुजींच्या गाडीत एकच सिलेंडर भरला होता, बाकी तीन कोरडे. चालत्या गाडीत तर त्याहून वाईट, समोरून एसटी आली, लाट बोनेटवर चढली आणि काटा वर असेल तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो, आम्ही त्याला खिडकी पडली म्हणतो. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारायचा नाही, उतरायचं आणि आधी आपण वर जायचं.

पाणी ओसरल्यावर बॅटरीची वायर काढा, किल्ली खिशातच ठेवा, गिअरमध्ये टाकून धक्का तर अजिबात नाही, टो करून आणा. मिस्त्री आधी एअर फिल्टर ओला आहे का बघतो, मग प्लग काढून इंजिन हाताने फिरवतो, तेव्हा प्लगच्या भोकातनं कारंजं उडतं, बघायला मजा येते. ऑइल चहासारखं झालेलं असतं, ते फिल्टरसकट बदलायचं. इंजिनचं एवढं वेळेत केलं तर खर्च हजारांत. गुरुजींचा लाखाच्या घरात गेला, आणि विमावाल्यांनी सांगितलं की पाण्याचं नुकसान देऊ पण रॉड तुम्ही सुरू करायला गेलात म्हणून वाकला, तो साध्या पॉलिसीत बसत नाही. इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर घेतलेलं असतं तर गोष्ट निराळी, पण ते असतं हेच गुरुजींना तेव्हा कळलं. खेड, महाड, चिपळूणवाल्यांनी आपापली पॉलिसी आजच काढून बघा.

तर साहेब, यंदाच्या चौकटीत वायपरच्या वर ही एक ओळ टाका, जमलं तर मोठ्या टायपात. तो वाकलेला रॉड मी गॅरेजात खिळ्याला टांगून ठेवलाय, तुमच्या फोटोग्राफरला पाठवलंत तरी चालेल, चहा पाजीन.

आपला,
एक जुना गॅरेजवाला, चिपळूण