मापे मोठ्याने न सांगणाऱ्या मास्तरांस

आदरणीय मास्तर,

सादर नमस्कार.

तुमचे आभार तोंडावर मानायला गेले, की तुम्ही "असू दे की ताई" एवढे म्हणून पुन्हा मशीनच्या पायडलवर पाय ठेवता आणि विषय तिथेच संपतो. म्हणून हे पत्र लिहीत आहे, आणि तेही चारचौघांनी वाचावे अशा रीतीने. कारण ज्या गोष्टीसाठी मी तुमची ऋणी आहे, ती कापड, कात्री आणि टेप हाती घेणाऱ्या इतरांच्याही कानावर जावी असे मला मनापासून वाटते.

जुन्या चित्रपटांतले पोशाख पाहून तसे कपडे शिवण्याचे माझे वेड तुम्हाला ठाऊक आहे. १९६५ च्या 'वक्त'मध्ये साधनाने घातलेला बिनबाह्यांचा, अंगाबरोबर बसणारा कुर्ता आणि त्याखालचा चुडीदार हे त्या वेडाचे मूळ. तो पोशाख घडवणाऱ्या भानू अथय्या आपल्याच कोल्हापूरच्या, माहेरच्या राजोपाध्ये. 'गांधी'च्या वेशभूषेसाठी त्यांना १९८३ मध्ये ऑस्कर मिळाले हे बहुतेकांना माहीत असते, पण शिवणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर त्यांची खरी कमाल मला या कुर्त्यात दिसते. त्या काळच्या सुती किंवा रेशमी कापडाला लायक्राचा ताण नव्हता. फिटिंग साधायचे ते केवळ कापणीतून, म्हणजे छातीखालून कमरेपर्यंत येऊन पुन्हा निमुळत्या होणाऱ्या उभ्या टक्समधून (कापड आत दुमडून घातलेल्या शिवणींतून), काखेलगत उंच घेतलेल्या मुंढ्यातून (हात बाहेर काढायच्या गोलाईतून) आणि पाठीवरच्या चेनमधून. (पुढे १९६८ च्या 'ब्रह्मचारी'मध्ये मुमताजची साडीसुद्धा त्यांनी चेन लावून शिवली होती, यावरून त्यांचा हात कसा चाले याची कल्पना यावी.)

असा कुर्ता घरी शिवणे माझ्यासाठी सोपे नव्हते, आणि याचे कारण शिलाईत नव्हते. माझ्या पाठीच्या कण्याला लहानपणापासून बाक आहे. डावा खांदा खाली उतरतो, उजवे कंबरेचे हाड वर येते, आणि सैल कपड्यात झाकला जाणारा हा फरक अंगालगत शिवलेल्या कुर्त्यात पहिल्याच नजरेत दिसतो. शिवणाच्या पुस्तकांतले सगळे तक्ते अर्ध्या अंगाचे असतात. कापड दुमडायचे, अर्धे अंग आखायचे आणि कात्री चालवायची, दुसरे अर्धे आपोआप तसेच निघते. माझे दुसरे अर्धे तसे निघत नाही.

तुमच्याकडे येण्याआधी मी ज्यांच्याकडे गेले, त्यांची नावे घेणार नाही, परंतु त्यांचे बोलणे विसरण्याइतकी मी उदारही नाही. भरपूर आरसे लावलेल्या एका दुकानात माप घेणाऱ्या बाईंनी माझ्या पाठीवरून टेप फिरवत, समोर बसलेल्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात मदतनीस मुलीला एकेक आकडा सांगितला, मध्येच थांबून "अगं, दोन्ही बाजू वेगळ्या येतायत" असे म्हटले, आणि शेवटी मला घेरदार अनारकली घालण्याचा सल्ला दिला. शिवणाच्या एका वर्गात मला ट्रायलच्या वेळी पुन्हा पुन्हा सांगण्यात येई, "सरळ उभ्या राहा ना." मी सरळच उभी होते. पैसे घेऊन कुर्ता बिघडवला याचे मला तितकेसे काही वाटले नाही. कापड वाया जाते, चालायचेच. पण माझे शरीर ही त्यांच्या कामातली अडचण असल्यासारखे त्यांनी मला वागवले, ते मात्र अजून बोचते.

मग तुमच्या दुकानाची पायरी चढले. तुम्ही माप घेऊ लागलात तेव्हा तुमचा मुलगा सवयीने वही उघडून, पेन्सिल धरून आकडे ऐकायला तयार बसला होता. तुम्ही त्याच्याकडे पाहिलेत, वही आणि पेन्सिल त्याच्या हातातून काढून घेतलीत आणि त्याला चहा सांगायला पाठवलेत. त्यानंतर प्रत्येक माप घेऊन झाले की टेपवर अंगठा रोवून तुम्ही टेबलाकडे जात होता आणि स्वतः लिहून परत येत होता. गुडघे दुखत असतानाही तुमची ही ये-जा चालली होती. एकही आकडा तुमच्या तोंडून निघाला नाही. मधे उभी रेघ मारून तुम्ही डाव्या अंगाची मापे डावीकडे आणि उजव्याची उजवीकडे लिहिलीत, आणि मला काय झाले आहे, कधी झाले, डॉक्टर काय म्हणतात, यांतले काहीही विचारले नाहीत. विचारलेत ते एवढेच: "मुंढा किती उंच पाहिजे, सिनेमात आहे तेवढा?"

मास्तर, त्या प्रश्नावर मला उत्तर देता आले नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. तुम्ही लगेच कपाटातून मांजरपाट, म्हणजे कोरे जाडे सुती कापड, काढायला वळलात, त्याबद्दलही आभार.

पुढचे शिक्षण मी सविस्तर लिहीत बसत नाही. कापड न दुमडता सपाट पसरून दोन्ही अंगे वेगळी आखायची, दोन्हीकडचे टक्स वेगळ्या लांबीचे आणि वेगळ्या खोलीचे घ्यायचे, डाव्या खांद्याची शिवण अधिक उतरती ठेवायची, आणि खालची कड खांद्यापासून न मोजता जमिनीपासून पट्टी लावून वर मोजायची म्हणजे ती दिसताना समपातळीत दिसते, हे तुम्ही मांजरपाटावर खडूने आखून दाखवलेत. कच्ची शिलाई लाल दोऱ्याने घालायला लावलीत, कारण पांढऱ्यावर पांढरा दोरा उसवताना डोळे शिणतात. माया, म्हणजे शिवणीच्या आत राखायचे जादा कापड, दोन्हीकडे सढळ सोडायला सांगितलीत. "बाक वाढला-कमी झाला तर कुर्ता टाकावा लागू नये," हे तुम्ही एखाद्या ऋतूबद्दल बोलावे इतक्या सहज म्हणालात.

मला वाटते, परक्या माणसाच्या शरीराला ज्यांचा कामानिमित्त हात लागतो, त्या सर्वांकडे ही रीत असायला हवी. शिंपी असोत, परिचारिका असोत, क्ष-किरण काढणारे असोत की लग्नात नवरीला नेसवायला येणाऱ्या बाई असोत, त्यांच्यासमोर माणूस काही काळ उघडा पडलेला असतो. त्या वेळी हात कुशल असणे पुरत नाही. जिभेलाही आवर लागतो, आणि तो शिकवणारा कोणताही डिप्लोमा माझ्या पाहण्यात नाही. सभ्यता म्हटले की आपण मोठ्या त्यागाच्या गोष्टी शोधत बसतो. मला मात्र ती एका पोराच्या हातातून पेन्सिल काढून घेणाऱ्या माणसात भेटली.

फिरोजी कापडाचा तो कुर्ता पुरा झाला आहे आणि मी तो भाचीच्या साखरपुड्याला घातला. काहींनी कुठून घेतला असे विचारले, एका मावशींनी "अगदी साधनासारखा" म्हटले, आणि माझ्या पाठीविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. बहुधा कोणाचे तिकडे लक्षच गेले नाही. पाठीची चेन सरळ रेषेत बसली आहे, हे तुम्हाला सांगायचे राहिले होते, कारण तुमची शंका तिथेच होती.

चुडीदार मात्र अजून माझ्या हाताला वळत नाही. कापडाची पिशवी शिवून ती उरेब, म्हणजे तिरकी, कापण्यापर्यंत जमते, पण पोटरीवर चुण्या पडायला हव्यात तिथे कापड नुसते आवळते. येत्या आठवड्यात केंब्रिकचे सुती कापड घेऊन येते. मागच्या वेळी तुम्ही शिकवण्याचे पैसे घेतले नाहीत, या वेळी घ्यावे लागतील, नाहीतर मी दुकानात पाऊल ठेवणार नाही. आणि तुमच्या मुलाला सांगा, चहा या खेपेस माझ्याकडून.

आपली नम्र,
तुमच्याकडे कापणी शिकणारी एक विद्यार्थिनी