ते लोक गायब झालेले नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या कड्यातल्या घरांवर लेख आलाय, वाचायला छान आहे, पण ते "गूढरीत्या गायब झालेली जमात" वाचलं आणि चहा तसाच ठेवून लिहायला बसलो.

मागे मुलीकडे फिनिक्सला होतो तेव्हा जावयांनी आम्हा दोघांना उत्तर ॲरिझोनात नवाहो नॅशनल मॉन्युमेंटला नेलं, तिथं बेटाटाकिन म्हणून अशाच कड्यातल्या घरांची जागा आहे. पहिला घोळ घड्याळाचा. ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करत नाहीत, तिथल्या नवाहो या मूळनिवासी जमातीच्या हद्दीत करतात, आणि नवाहोंनी चहूबाजूंनी वेढलेली दुसरी जमात, होपी, ते मात्र करत नाहीत! आम्ही वेळेत पोचलो म्हणून निवांत डबा उघडला तर रेंजरबरोबरचा ग्रुप कधीच निघून गेलेला. मुक्काम पडला, दुसऱ्या दिवशी गेलो. तिकीट वगैरे काही नाही, फुकट. जाताना ७०० फूट उतरायचं आणि येताना तेवढंच चढायचं, सिंहगडवाल्यांनी मिजास करू नये, मुळात जागाच ७००० फुटांवर आहे, धाप लागते. पण खाली गेल्यावर त्या लाल रखरखाटात एकदम अ‍ॅस्पेनची हिरवी झाडं लागतात आणि समोर साडेचारशे फूट उंच कमान, कड्यात आपोआप झालेली, तिच्या पोटात दगडमातीच्या शंभरावर खोल्या. तोंड दक्षिणेला, म्हणजे थंडीत ऊन आत आणि उन्हाळ्यात सावली. बायको म्हणाली, वास्तू बघून बांधलंय.

आता ते गूढ. तुळयांच्या लाकडातल्या वलयांचा जाड-बारीक क्रम वर्षं माहीत असलेल्या वलयांशी जुळवला की झाड कुठल्या वर्षी तोडलं ते कळतं. तर इथं १२६९ मध्ये बरीच लाकडं तोडून नुसती रचून ठेवलेली, वापरली १२७५ नंतर. म्हणजे चार घरं पुढे आली, मागच्यांसाठी सोय करून ठेवली, मग बाकीची भावकी आली. शेवटची तुळई १२८६ ची, १३०० पर्यंत गाव रिकामं. १२७६ पासून वीसएक वर्षं मोठा दुष्काळ होता, त्यात ओढ्याने पात्र खोल कापत नेलं, पाणी खाली गेलं, मक्याची शेती बसली. उठले आणि गेले. आमच्या माण तालुक्यातली अर्धी आळी ७२ च्या दुष्काळात मुंबईला गेली, काही घरांच्या नुसत्या भिंती राहिल्यात, त्यावर कुणी गूढ म्हणून लेख लिहीत नाही!

आणि गेले कुठं तेही माहितीये. होपी सांगतात हे आमचेच पूर्वज, त्यांच्या भाषेत हिसात्सिनोम, आपल्यातली काही कुळं इथूनच आली असं ते मानतात, होपींची गावं तिथून गाडीने दोनएक तासांवर आजही नांदती आहेत. लेखात सगळीकडे "अनासाझी" लिहिलंय, तो नवाहो शब्द, अर्थ साधारण 'शत्रूंचे पूर्वज' असा सांगतात. होपींना तो आवडत नाही आणि का आवडावा, आपल्या खापरपणजोबांना शेजाऱ्याने ठेवलेलं नाव आपण पाटीवर लावू का.

जाता जाता, बेटाटाकिन म्हणून छापलेला मोठा फोटो कोलोरॅडोतल्या मेसा वर्देच्या क्लिफ पॅलेसचा आहे. मधोमध गोल मनोरा दिसतोय बघा, बेटाटाकिनला तसा मनोरा नाही. दुरुस्ती छापाल तर बरं होईल.

आपला जुना वाचक,
सातारा