सॅम्याला पत्र: तुमच्या कमिटीच्या भानगडीबद्दल

प्रिय सॅम्या,

सलाम रे. तुझा तो सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला, एकदा रात्री आणि एकदा सकाळी दूध आणायला जाताना. उत्तरही बोलूनच देणार होतो पण घरात सगळे मधेमधे तोंड घालायला लागले म्हणून टाइप करतोय. लांबेल जरा, सवडीने वाच.

मला कळलं ते असं. तुमचं चर्च नऊ वर्षं केनियातल्या त्या मिशनरी जोडप्याला दर महिन्याला पैसे पाठवतंय आणि ते दर जानेवारीत तुमच्या श्रद्धेच्या पत्रकावर सही करून पाठवतात. यंदा बाळांच्या बाप्तिस्म्याच्या कलमावर त्यांनी सही केली नाही, सरळ लिहिलं की आमचं मत बदललंय, आता आम्ही कळत्या माणसांनाच पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतो. झालं, तुमच्याकडे दोन तट पडले. एक म्हणतो पैसे बंद करा. दुसरा म्हणतो बोअरवेल आणि शाळेच्या नावावर चालू ठेवा, पत्रकाचं कोण विचारतंय. आणि तू लेका मीटिंगमध्ये कॉफी पीत गप्प बसलास आणि घरी येऊन मला मेसेज केलास!

तुझं ऐकताना मला पहिला आठवला तो जडसन, ब्रह्मदेशात गेलेला अमेरिकन मिशनरी. संडेस्कूलमध्ये आपल्याला त्याची तुरुंगातली गोष्ट सांगायचे, मला मात्र बोटीवरची जास्त आवडते. फेब्रुवारी 1812 ला अमेरिकन बोर्डाने, म्हणजे मिशनरी पाठवणाऱ्या बोस्टनच्या संस्थेने, अमेरिकेतल्या सेलमच्या चर्चमध्ये पाच तरुणांना एकाच दिवशी दीक्षा देऊन इकडे रवाना केलं. सगळे काँग्रिगेशनल, म्हणजे बाळांचा बाप्तिस्मा मानणारे. बोटीला कलकत्त्याला पोचायला चार महिने लागले. जडसनला ठाऊक होतं की तिकडे श्रीरामपूरला (बंगालचं, आपलं नव्हे) इंग्लिश मिशनरी कॅरी आणि त्याची बाप्टिस्ट मंडळी (बाळांना नाही, कळत्या माणसांनाच बाप्तिस्मा देणारी) भेटणार, या विषयावर वाद होणार, म्हणून गडी ग्रीक नवा करार घेऊन तयारीला बसला आणि त्यांना खोडून काढायच्या नादात स्वतःच डळमळला. बायको ॲन वैतागली, म्हणाली तू बाप्टिस्ट झालास तरी मी होणार नाही. सप्टेंबरात कलकत्त्यात दोघांनीही बाप्तिस्मा घेतला. (हसू नको, तुझ्या घरीपण असंच चालतं.)

आता त्याची अवस्था बघ ना. परका मुलुख, कंपनी सरकार हाकलायला टपलेलं, आणि पोटापाण्याला आधार काय तर बोर्डाचा पैसा. गप्प राहिला असता तर बोस्टनला कळायलाच कित्येक महिने गेले असते. पण याने बाप्तिस्मा घ्यायच्या आधीच बोर्डाला पत्र टाकलं की माझं मत बदललंय, तुमचा-माझा संबंध इथून संपला. पुढचा पैसा कुठून येणार ते माहीत नसताना! त्या पाचातला ल्यूथर राइसही थोड्या दिवसांनी त्याच मताचा झाला, तो अमेरिकेला परत गेला आणि चर्चाचर्चांतून फिरून त्याने बाप्टिस्टांना जागं केलं, 1814 ला फिलाडेल्फियाला त्यांची मिशनसाठी संघटनाच उभी राहिली. उरलेले तिघे, हॉल, नॉट आणि न्यूवेल, जुन्या मताचे राहिले, जुन्या बोर्डाचे राहिले आणि मुंबईला आले. तेच आपलं अमेरिकन मराठी मिशन बाबा, जे 1831 ला नगरला आलं आणि ज्याच्या कंपाउंडात तू नि मी कैऱ्या पाडायचो.

म्हणून मला तुमच्यातल्या त्या दुसऱ्या तटाचा जास्त राग येतो. पहिल्या तटाची माणसं कडक असतील पण जे आहे ते तोंडावर बोलतायत. बोअरवेलच्या नावावर चालू ठेवा म्हणणारे तुमच्या लोकांनाही फसवणार आणि त्या जोडप्यालाही, ज्यांनी जडसनसारखंच आधी स्वतःहून कळवलंय.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंचंच बघ. 1887 ला बोस्टनला रमाबाई असोसिएशन निघाली, बाईंच्या विधवा मुलींसाठीच्या शाळेला दहा वर्षं मदत करायचं ठरलं, आणि शाळेत धर्म शिकवायचा नाही असं आधीच ठरलेलं. 1889 ला मुंबईत ती शाळा, शारदा सदन, सुरू झाली. बाई स्वतः ख्रिस्ती, रोज प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, मुली येऊन बसायला लागल्या. त्यावरून रान उठलं आणि 1893 ला रानडे-भांडारकरांसारख्या माणसांनी सल्लागार मंडळ सोडलं. बाईंनी लपवलं काहीच नव्हतं हे खरं, स्वतःच्या खोलीत प्रार्थनासुद्धा करू नये का हेही खरं. पण मी इथं पूर्ण बाईंच्या बाजूने नाही हं. ज्या मुलीचं जेवणखाण, निवारा सगळं तुमच्या हातात आहे तिला तुमच्या खोलीचं दार नुसतं दार वाटत नाही. नंतर केडगावला मुक्ती मिशन काढलं ते मात्र उघडउघड ख्रिस्ती म्हणून, ते मला जास्त पटतं.

आणि हे मी घेणाऱ्यांच्या बाजूने बोलतोय, माझे पणजोबा छप्पनच्या दुष्काळात (संवत 1956, म्हणजे 1899-1900) मिशनच्या विहिरीच्या कामावर होते, तिथूनच आमचं घर ख्रिस्ती झालं. गावात 'धान्याचे ख्रिस्ती' म्हणून चिडवायचे. आजीला विचारलं तर ती म्हणायची पोट भरलं तिथं देव दिसला, त्यात लाजायचं काय. तिला उत्तर द्यायची माझी अजून हिंमत नाही.

पण देणारा म्हणून मी काय दिवे लावले ते तुला कधी सांगितलं नाही, आज सांगतो. सातआठ वर्षांपूर्वी आम्ही चर्चमधल्या बारा जणांनी मिळून नेपाळमधल्या एका सुवार्तिकाला (ख्रिस्ती प्रचारकाला) सपोर्ट करायला सुरुवात केली. पुण्याला शिकलेला, मराठी बऱ्यापैकी समजायची. मी हिशेब बघायचो. मी एक फॉर्म केला, दर तीन महिन्यांनी किती घरं, किती सभा, किती बाप्तिस्मे. आणि ग्रुपवर टाकायला फोटो हवेत म्हणालो, पैसे देणाऱ्यांना उत्साह येतो ना. तो दोनदा म्हणाला फोटो नको ब्रदर. मी तिसऱ्यांदा मागितले. मग त्याने एक पाठवला. ओढा, मागे मक्याचं शेत, आणि दगडावर ओळीने काढून ठेवलेले चपलांचे सातआठ जोड. माणूस एकही नाही. ग्रुपवर एकाने टाइप केलं, माणसं कुठायत?

तो एक म्हणजे मीच.

नेपाळच्या 2015 च्या घटनेत 26 व्या कलमात दुसऱ्याचं धर्मांतर करायला बंदी आहे, आणि 2018 पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. हे मला तेव्हा कुणीतरी वाचून दाखवलं असतं तरी मी फोटो मागितलाच असता असं वाटतं, कारण डोक्यात एकच, आपला पैसा आपल्या श्रद्धेच्या कामाला लागतोय याचा पुरावा पाहिजे. श्रद्धा माझी, पुरावा मला हवा, आणि तुरुंगात जाणार तो. फॉर्मवरचे आकडेही नंतर दर तिमाहीला गोल व्हायला लागले, दहा, पंधरा, दहा. त्याला खोटं बोलायला मीच शिकवलं रे.

म्हणून तुमच्या पत्रकाबद्दल सांगतो. सही मागण्यात चूक नाही, ज्याच्या नावाने अर्पण गोळा करता त्याने काय शिकवावं हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. बायबलमधल्या पौलाचंच बघ, फिलिप्पैकरांकडून मदत घेतली, करिंथकरांकडून घेतली नाही, तिथं तंबू शिवून पोट भरलं. तोच पौल एकीकडे म्हणतो कसल्याही हेतूने का होईना ख्रिस्ताची घोषणा होते यात मला आनंद आहे, आणि गलतीकरांना लिहिताना वेगळं शुभवर्तमान सांगणाऱ्याला शाप देतो. आता बाळांचा बाप्तिस्मा यातल्या कुठल्या खान्यात टाकायचा हे तुमचं तुम्ही ठरवा. माझ्या मते पहिल्या. पण तुमच्या चर्चला प्रामाणिकपणे दुसरं वाटत असेल तर त्या दोघांना तसं लिहा, वर्षभराची मुदत द्या, त्यांच्या मुलांची फी बुडेल असं एका ईमेलने तोडू नका, आणि त्यांच्या नव्या मताची चर्चेस शोधायला तुम्हीच मदत करा. जडसनला राइस होता, यांच्यासाठी कोण फिरणार?

आणि तू बोल. मत कुठलंही असू दे, पण मीटिंगमध्ये बोल. इथं मला मेसेज करून काय उपयोग, मी काय तुमच्या कमिटीवर आहे?

नेपाळवाल्याचं विचारशील म्हणून सांगतो. आमच्यातले आता पाचच उरलेत, फॉर्म बंद केला. मागच्या वर्षी पुण्याला भेटला तेव्हा मी माफी मागितली, तो नुसता हसला आणि म्हणाला ब्रदर, त्यात एक जोड माझ्या आईचा होता.

मीटिंग कधी आहे ते कळव. आणि आईच्या गुडघ्याच्या गोळ्या संपत आल्यात, तिकडनं कोणी येणार असेल तर बघ.

तुझाच,
बाळ्या