ल्यूटच्या टॅब्लेचरमधील ठिपका, रेघ आणि आकडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत बरोक काळातील (साधारण १६००–१७५०) ल्यूट या गिटारसारख्या युरोपीय तंतुवाद्याच्या टॅब्लेचरची, म्हणजे कोणती तार कुठल्या पडद्यावर दाबायची हे सांगणाऱ्या लिपीची, ओळख करून देणारा लेख वाचला. या विषयावर मराठीत कोणी लिहावे, याचाच आनंद मोठा. मात्र सोबतच्या तक्त्यात सहा रेषांखालच्या ४, ५, ६ या आकड्यांचा अर्थ ‘चौथा, पाचवा, सहावा पडदा’ असा दिला आहे. तो चूक आहे. युरोपातील ग्रंथालयांनी जुनी हस्तलिखिते आता घरबसल्या पाहण्यासाठी खुली केली आहेत. गिटार वाजवणारी मुले हाच तक्ता शेजारी ठेवून ती वाचायला बसतील, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

फ्रेंच पद्धतीच्या टॅब्लेचरमध्ये सहा रेषा म्हणजे पहिल्या सहा तारा किंवा तारजोड्या, आणि सर्वांत वरची रेषा सर्वांत उंच तारेची. रेषेवरचे रोमन अक्षर पडदा सांगते. ए म्हणजे मोकळी तार, बी पहिला पडदा, सी दुसरा. यात ‘जे’ नसतो. आयनंतर थेट के येतो, म्हणून के हा नववा पडदा. शाळेतल्या क्रमाने मोजणारा तो दहावा धरतो आणि अर्धा स्वर वर चढतो. शिवाय ‘सी’ची ‘ई’शी गल्लत होऊ नये म्हणून लेखनिक सी पुष्कळदा लहान आरसारखा काढतात. पानावर आर दिसला तर तो दुसरा पडदा.

सातव्या जोडीपासूनच्या खर्जाच्या तारा रेषांखाली लिहितात. सातवीसाठी नुसते अक्षर, आठवीसाठी अक्षराआधी एक तिरपी रेघ, नववीसाठी दोन, दहावीसाठी तीन. अकरावीसाठी चार रेघा दाटीवाटीने काढण्याऐवजी ४ हा आकडा येतो, बारावीसाठी ५ आणि तेरावीसाठी ६. म्हणजे हा आकडा तार सांगतो, आणि ती मोकळीच छेडायची असते. नेहमीच्या डी मायनर जुळणीत सहावी जोडी ए स्वराला असते आणि अकरावी सी स्वराला. तक्त्याप्रमाणे ४ हा सहाव्या जोडीचा चौथा पडदा मानला, तर सीऐवजी सी शार्प वाजतो. सी मेजरमधल्या रचनेत नेमका आधारस्वरच बिघडला, तर बाकी सगळे बिनचूक वाजवूनही उपयोग नाही. पानावर ५ आणि ६ दिसले, तर संगीत तेरा जोड्यांच्या वाद्यासाठी आहे हेही कळते. पहिल्या दोन तारा एकेरी आणि बाकी अकरा जोड्या, अशा त्याच्या २४ तारा. ड्रेस्डेन दरबारातील ल्यूटवादक आणि रचनाकार सिल्वियस लेओपोल्ड वाइस (१६८७–१७५०) याच्या हस्तलिखितांत हे आकडे पानोपानी भेटतात.

तिरप्या रेघेचे आणखी एक काम आहे आणि तक्त्यात ते नाही. रेषांखाली, अक्षराच्या आधी आली तर ती तार मोजते. पण एकाच वेळी वाजवायच्या दोन अक्षरांच्या मधून गेली, तर हे स्वर एकदम छेडू नका, खालून वर एकामागून एक सोडा, असे ती सांगते. त्यासाठी जादा वेळ मिळत नाही. रेषांच्या वर लिहिलेल्या कालमूल्याच्या (स्वर किती वेळ धरायचा त्याच्या) आतच स्वर वाटून घ्यायचे असतात. पेरिन या फ्रेंच ल्यूटवादकाने १६८० मध्ये पॅरिसला ल्यूटच्या रचना पाच रेषांच्या स्वरलिपीत छापल्या आणि हे स्वर कसे सुटे करायचे ते समजावून दिले. ही रेघ कोणती, अशी शंका आली की आधी ते पुस्तक पाहावे.

सर्वाधिक घोळ ठिपक्याचा होतो. अक्षराखाली एक ठिपका म्हणजे उजव्या हाताची तर्जनी, दोन ठिपके म्हणजे मध्यमा आणि लहान उभी रेघ म्हणजे अंगठा. पण थॉमस मेस या इंग्रज ल्यूटवादकाच्या १६७६ च्या लंडनमध्ये छापलेल्या ग्रंथात अक्षराच्या आधी दिलेला ठिपका डाव्या हाताने घ्यायच्या कंपाची (शेजारच्या दोन स्वरांच्या जलद आलटापालटीची) खूण आहे. खूण तीच, जागा बदलली की हातही बदलतो. आपल्या वाचकांना हे नवे वाटू नये. भातखंडे लिपीत स्वराच्या डोक्यावरचा ठिपका तार सप्तकाचा, तर पलुस्कर लिपीत तोच ठिपका मंद्राचा. कोणत्या लिपीतले पान आहे हे न पाहता वाचणारा दोन सप्तकांनी चुकतो.

काही ठिपके तर लेखनिकाचे नसतातच. लोहयुक्त शाई कागद खात जाते आणि मागच्या बाजूचे लेखन पुढे उमटते. मागच्या पानाचे चित्र आरशासारखे उलटे करून या पानाशी जुळवून पाहावे. ठिपका तिथल्या एखाद्या अक्षरावर बरोबर बसला, तर तो खोडावा. न बसल्यास तशाच दुसऱ्या सुरावटीत तो पुन्हा येतो का, हे पाहावे. बोटांच्या खुणा सहसा सुट्या येत नाहीत.

अक्षरानंतरचा स्वल्पविराम वरच्या शेजारी स्वराचा. वरचा स्वर छेडायचा आणि डाव्या बोटाने तार ओढत सोडून मुख्य स्वरावर यायचे, उजव्या हाताने पुन्हा छेडायचे नाही. स्वर लांब असेल तर तेच दोन स्वर कंपासारखे पुन्हा पुन्हा घेता येतात. वरचा स्वर एक पडदा दूर की दोन, हे चिन्ह सांगत नाही, रचनेचा स्वरसमूह ठरवतो. याकडे दुर्लक्ष करून सरसकट एकच पडदा धरला की ऐकणाऱ्याला परके कोमल-तीव्र खुपतात. खालून येणाऱ्या स्वराची खूण मोकळ्या तारेच्या अक्षराशी दिसली, तर तो स्वर शेजारच्या खालच्या तारेवरून आणावा लागतो, कारण मोकळ्या तारेच्या खाली पडदाच नाही.

तक्ता दुरुस्त करून पुन्हा छापावा, ही विनंती. छापताना प्रत्येक खुणेपुढे तिची जागा (अक्षराच्या आधी, नंतर, खाली की दोन अक्षरांच्या मध्ये) आणि ती कोणत्या ग्रंथात किंवा हस्तलिखितात त्या अर्थाने येते, असे दोन रकाने जोडावेत.

आपला,
एक वाचक, पुणे